अक्षराला चार रुपये

पंचायतीच्या भिंतीवर मी अक्षराला चार रुपये घेतो,
आकड्याला तीन. शून्यालाही तीनच,
त्यावरून पीडीओ साहेबांशी दरवेळी वाद.
त्या खेपेला शून्यं बरीच होती.

कन्नड मी शाळेत नाही, ब्रशानं शिकलो.
आधी नुसती चित्रं काढायचो: वळण, शेंडा, पोटातली गाठ.
मग एकदा खानापूर स्टँडात बसची पाटी
आपोआप वाचता आली
आणि कळलं, आपण चुकीच्या बसमध्ये बसलोय.

निळ्यात योजनेचं नाव,
खाली काम, मंजूर रक्कम, ठेकेदार.
शेवटच्या ओळीत एकच शब्द.

मागं तुळसाक्का मेलगे, डोक्यावर दुधाचा कॅन.
"काय लिवलास रे मोनाप्पा?"
"सरकारचं."
"सरकारचं म्हणजे माझंच की. वाच."

वाचलं.
गवळीवाडा ते डेअरी, ओढ्यावर पायपूल.
अकरा लाख चाळीस हजार.
पूर्ण.

तिनं आधी माझ्याकडं बघितलं,
मग स्वतःच्या साडीकडं,
गुडघ्यापर्यंत ओली.
"कुठला ओढा म्हणालास?"

सहा वर्षं ती ह्या भिंतीवरून जाते, येते.
टाकी, गटार, अंगणवाडीचं छप्पर,
सगळं मीच रंगवलेलं.
तिला वाटायचं, नक्षी आहे.

"खाली मराठीत लिही."
"तशी ऑर्डर नाही अक्का."
"मग ह्याच्यावर लिही."
कॅन खाली ठेवला. दूध हिंदकळलं.
लिहिलं, उरलेल्या निळ्यात.
पैसे घेतले नाहीत. शून्याचेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी डेअरीत, फॅट बघायच्या रांगेत
कॅन सरकत सरकत पुढं गेला
आणि रांग त्याच्यामागं वाकून वाचत राहिली.
गुरुवारपर्यंत माझ्या दारात सात कॅन.
कुणाला टाकीचं हवं, कुणाला छपराचं.
बाबू शेळक्याचा पोरगा म्हणाला,
"आमच्यावर ठेकेदाराचं नाव. मोठं काढ."

ग्रामसभेला एरवी डोकी अकरा, सह्या नव्वद.
त्या महिन्यात सतरंज्या पुरल्या नाहीत.
मी आत नव्हतो, शाळेची भिंत घेतली होती.
आवाज दोन भाषांत येत होता, एकमेकांत अडकलेला.
एवढा एक शब्द तेवढा दोन्हींत सारखा:
पूर्ण.
इकडं गोल, तिकडं डोक्यावर रेघ.

पंधरा दिवसांनी साहेबांचा फोन.
"ती शेवटची ओळ काढ. 'काम चालू' कर."
अक्षरांचा हिशोब सांगितला, पुसायचे वेगळे.
पहिल्यांदाच घासाघीस नाही.

पांढऱ्याचे दोन हात मारले.
तरी ऊन तिरकं झालं की खालचं निळं वर येतं.
ओढ्यात खांब उभे राहिलेत. दोन.
तुळसाक्का अजून पाण्यातूनच येते,
भिंतीपाशी जरा थांबते.

"तिसरा हात मारू काय?"
"नको," म्हणाली. "दिसू दे की."