ठराव क्रमांक सतरा

बोरीकाठच्या कडुनिंबाची पूर्वेची फांदी
काल उतरवली, फुलोऱ्यासकट.
ठरावावर सही माझी आहे.

गेल्या आखाजीला जिजाबरावची हिमानी
झोक्यावरून पडली. मनगट चिरलं.
दीड महिना प्लास्टर, मग बरी.
जिजाबरावचा अर्ज आला:
झाड पंचायतीचं, म्हणून पडणंही पंचायतीचं.
पन्नास हजार द्यावेत.

दोर त्याच्याच गोठ्यातला होता,
म्हशीचा, तीन पावसाळे भिजलेला.
हे त्याने लिहिलं नाही.
मीही विचारलं नाही. इलेक्शन जवळ होतं.

माझ्या हनुवटीखाली एक खूण आहे.
याच फांदीवरून, नववीत असताना.
आईने हळद दाबून धरली,
रक्त थांबेपर्यंत एक शब्द नाही.
मग म्हणाली,
'दोर देखी लिधा व्हता का?'
झाडाला शिवी नाही, मला चापट नाही.
दुसऱ्या दिवशी नवा दोर आणला
आणि गाठ माझ्याकडून मारून घेतली.
तेव्हापासून मी विहिरीचा दोर,
मांडवाचा दोर,
सोयरिकीला आलेल्या माणसांचं बोलणंसुद्धा
आधी ओढून पाहते.

सभेत कुणी म्हणालं, फलक लावा.
कुणी म्हणालं, तारेचं कुंपण.
सुकलाल म्हणाला, पोरींच्या बापांकडून
संमतीपत्र घ्या, दोन प्रतींत.
मग ग्रामसेवक हळूच म्हणाले,
'उद्या काही झालं तर?'
टेबलावर पाणी सांडावं तसं ते वाक्य पसरलं.
ज्याने त्याने आपापले कागद उचलले.

आज सासुरवाशिणी आल्या.
बुंध्याला पांढरी जखम, तिच्यावर मुंग्या.
पोरी ओट्यावर मोबाइल बघत बसल्या,
अगदी सुरक्षित.

हिमानी तेवढी माझ्याजवळ आली.
बापाला पंधरा हजार मिळाले, ते तिला ठाऊक आहे.
मनगट चोळत म्हणाली,
'आत्या, दोर कच्चा होता.
मला दिसलं होतं.
तरी बसले. उंच जायचं होतं.'

अख्ख्या ठरावात
इतकं सरळ वाक्य एकही नव्हतं.

जळणासाठी फांदी नेली लोकांनी,
नदीच्या वाटेवर पानं सांडलीत.
मी ती तुडवत घरी येते.
आई असती तर उंबऱ्यातच विचारलं असतं,
आणि मला सांगावं लागलं असतं:
देखा व्हता, माय.
कच्चा व्हता.
तरी सही करी.