विचाराधीन

कागद अजून पास झालेला नाही.
सिव्हिल लाइन्समध्ये कुण्या टेबलावर पडून आहे,
वर पेपरवेट, बाजूला चहा,
आणि आत आमचा मदतनीस भत्ता
अर्धा करायचं चाललंय म्हणे.
दुरपतानं पेपर घडी करून उशीखाली सारला,
"काहून वाचता बाई, सकाळी सकाळी?"

ती पाचपावलीहून सातला येते, नऊला जाते,
दुपारी एकला पुन्हा तासभर.
रात्री दुकान बंद करून भाऊ.
एवढ्यावर माझा दिवस उभा आहे.
पाठीवरची लाल जागा ती बोटानं दाबते,
पांढरी पडून परत लाल झाली तर ठीक.
मग न्हाणी, मग पोळी, मग वेणी,
मी सांगते तशी, सैल.
दहाला नववीची सहा पोरं गणिताला येतात,
त्यांना वेणी घातलेल्या बाई दिसतात.

तीन भागिले दोन.
भागाकाराला मी भ्यावं असं वय नाही माझं.
पण दीड तासात बसवू काय?
न्हाणं बसलं की पोळी बाहेर,
पोळी बसली की पाठ.
दुपार तर आख्खीच बाकी उरते.
वेणीचं कुणाकडे बोलू नये,
वेणी गरजेच्या व्याख्येत येत नाही.

मेयोत मोजलं होतं मला. पंच्याऐंशी टक्के.
हात वर होतो का, कुठवर होतो, बस्स.
उरलेले पंधरा कशात जातात
ते विचारलं असतं तर सांगितलं असतं:
भांडण्यात.

आता मे आहे. सेहेचाळीस.
गच्चीवरचं पाखरांचं परळ अकरालाच कोरडं,
कूलर दर दोन तासांनी पाणी मागतो.
आणि मी, दुरपताला कळू द्यायचं नव्हतं,
सोमवारपासून पाणी कमी पिऊन राहिले.
नऊनंतर एक पेला,
मग रात्री भाऊ येईस्तोवर जिभेनं ओठ.
पाणी म्हणजे लघवी,
लघवी म्हणजे दुसऱ्याचे हात,
हात म्हणजे भत्ता.
म्हटलं, आत्तापासून सवय केली
तर त्या दिवशी जड जाणार नाही.
कागद टेबलावरच आहे,
अंमलबजावणी माझ्या घशात सुरू झाली.

काल तिनं माठाचं झाकण काढलं,
आत बघत राहिली.
"हा त भरलाच हाय."
पेला भरला अन् समोर उभी राहिली,
उत्तर येईस्तोवर मी पोराला फळ्याशी उभं करते
तशी, पण उलटी.
मी प्याले. दोन घोट, मग सगळा.

पेला विसळताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली,
धरमपेठेत एकीनं विचारलंय,
दुपारच्या भांड्यांसाठी, एक वाजताचं.
"म्या अजून हो म्हटलं नाही बाई."

अजून.