समासात लिहा

सकाळी साडेसातला मुलं येतात.
कप्प्यात बूट, हुकाला टोपी,
आणि माझ्या हातात ज्याची त्याची वही:
ताप किती, झोप किती, काय खाल्लं, शी झाली का.
तेवीस वर्षं वाचते आहे या वह्या,
हाकोदातेच्या चढावरल्या या पाळणाघरात.
कुणाच्या घरी पाऊल टाकलं नाही कधी,
पण घरं मला पाठ आहेत.

इत्सुकीची वही त्याची आई लिहायची.
चिझुरु ट्राम चालवते,
अक्षरही रुळांसारखं.
"३६.६. भात, अंडं, अर्धं केळं. रात्री दोनदा उठला."
नोव्हेंबरात ते अक्षर कलायला लागलं.
"चारदा उठला."
"मोजलं नाही."
एका सोमवारी तापाच्या रकान्यात
ट्रामच्या थांब्याचं नाव होतं.
दुसऱ्या दिवशी सगळे रकाने कोरे,
तळाशी बारीक: "माफ करा."

मी दारात विचारलं. ती हसली,
थंडीत दोरीवर विसरलेल्या टॉवेलसारखं,
दुमडायला गेलं तर मोडेल असं.
म्हणाली, "नवरा मदत करतो हो.
सांगितलं की सगळं करतो."

सांगितलं की.

माझा शिगेओ रोज सकाळी विचारायचा, मोजे कुठे आहेत?
वरचा खण, डावीकडे.
एकतीस वर्षं तो खण जागचा हलला नव्हता.
शिगेओ गेला त्या दिवशी मोजे काढायला मीच खण उघडला
आणि खोलीत कुणी काही विचारलं नाही.
तेव्हा पोटात तुटलं की खांदे हलके झाले,
अजून मला ठरवता आलेलं नाही.

डिसेंबरात, शेवटच्या थांब्यावर,
उतारू उतरून गेले तरी चिझुरु बसूनच राहिली.
हात दांड्यावर, काचेवर बर्फ.
पुढचं काय ते तिला आठवेना.
तिथून दवाखाना, गोळ्या, रजा.

मग वहीत नवं अक्षर आलं,
मोठं, रकान्याबाहेर सांडणारं.
कोहेई स्क्विड वाळवण्याच्या कारखान्यात आहे,
पानांना वास यायला लागला.
"ताप: हाताला तरी नाही. थर्मामीटर सापडला नाही."
"थर्मामीटर सापडला. फ्रीजवर होता. ३६.८."
"वाटाणे थुंकतो. हे केव्हापासून?"
मी लाल शाईत लिहिलं: जन्मापासून.

"सुटी मागितली तर साहेब म्हणाले, बायको नाही का घरी?
मी म्हटलं, आहे. म्हणूनच."

"लसीची तारीख बारा. बूट लहान झाले, पुढचा नंबर चौदा.
आज जळणारा कचरा. कुणी सांगितलं नाही, आठवलं.
एवढं सगळं डोक्यात ठेवून ती वळणं कशी घ्यायची?"
या प्रश्नावर मी काही लिहिलं नाही.

जानेवारीत झोपेच्या रकान्यात एकदम दोन आकडे:
"इत्सुकी नऊ तास. चिझुरु सहा."
वही मुलाची आहे, आईची झोप तिथे लिहीत नाहीत,
असा नियम आहे आमच्याकडे.
मी शिक्का मारला.

ती बरी झाली असं मी म्हणणार नाही.
गोळ्या चालू आहेत. कधी दारापर्यंत येते,
कधी फाटकापाशीच उभी राहते.
पण परवा तिने वहीत त्याची चूक खोडून
वर लिहिलं: "केळं नव्हे, रताळं",
आणि ते अक्षर बऱ्यापैकी सरळ होतं.

आजच्या पानावर कोहेई लिहितो:
"काल भांडी घासताना मलाही रडू आलं.
तिने नळ बंद केला, शेजारी उभी राहिली.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?"

मुलं झोपलीत. खिडकीखालून ट्राम गेली,
आज कोण चालवतंय ते दिसलं नाही.
मी लाल पेनाचं टोपण काढते.
समासात लिहा.
जागा पुरली नाही तर
मागचं पान आहे.