चुकलेलं भोक

आमच्याकडं कार्ड म्हणजे पुठ्ठा.
जॅकार्ड मागाच्या माथ्यावर माळेनं फिरणारा.
भोक असेल तिथं धागा उठतो,
नसेल तिथं गप बसतो.
चाळीस वर्षं मी भोकं पाडली,
अशोक चौकाच्या मागं, पत्र्याच्या खोलीत:
चादरीवरचा मोर, चादरीवरचं कमळ,
एकदा कुणा नवरदेवाचं नाव, तेही उलटं.

दुसरं कार्ड लेकानं काढून दिलं.
निळं, गुळगुळीत, एकही भोक नसलेलं.
त्यातनं गेले अठ्ठेचाळीस हजार सातशे,
मी शेंगाचटणीत दही कालवत होतो तेवढ्यात.

"येमूल सर, तुमचे पॉइंट आज रात्री संपतायत."
सर.
मला कोण सर म्हणतं बे?
त्या एका शब्दासाठी
मी सहा आकडे वाचून दाखवले,
पाढे म्हणणाऱ्या पोरासारखे,
चुकू नयेत म्हणून दोनदा.

मग टिंग. टिंग. टिंग.
नागमणीनं विचारलं, काय आलं?
म्हणलो, जाहिरात.

तुम्ही असं म्हणू नका.
त्या जाहिरातीत माझी चाळीस मिनिटं गेली
आणि तिसरा मेसेज तेवढ्यातच आला होता.

आधी कार्ड बंद करा.
पाठीवर नंबर असतो, मुंगीच्या अक्षरात.
चष्मा सापडत नसेल तर शेजारच्या पोराला हाक मारा,
लाज मागनं येऊ दे, तिला सवड असते.
मग एकोणीसशे तीस.
पलीकडची बाई विचारते किती वाजता, किती रुपये,
कुठल्या नंबरवरनं;
का दिलात, असं विचारत नाही.
ते विचारायला घरचे असतात.

तक्रारीचा आकडा मी कॅलेंडरवर लिहिला,
गॅसच्या तारखेशेजारी.
मेसेज पुसले नाहीत. पुसावेसे फार वाटले.
पोलिसात हत्तुरे मॅडमनी ते एकेक उतरवून घेतले,
मधेच म्हणाल्या, काका, पाणी घ्या.
बँकेतला साहेब म्हणाला, बघू.
मी म्हणलो, बघूवर शिक्का मारून द्या.
माझा अर्ज, माझी प्रत, तारीख, सही.
आयुष्यात पहिल्यांदा मी
काउंटरवरनं हललो नाही.

रात्री मात्र झोप नाही.
पंखा फिरतो आणि त्याचा आवाज येतो: सर, सर, सर.

आठव्या दिवशी कारखान्यात सांगून टाकलं.
डबे उघडले होते, कुणीतरी कडक भाकरी मोडत होतं,
तो आवाज थांबला.
मग गौसभाई म्हणाला, माझे बावीस. वीजबिलाच्या नावानं.
दोन वर्षं झाली, बायकोला ठाऊक नाही.
मग मालकाचा पोरगा, इंजिनिअर,
दारातच उभा होता.
त्यानं आकडा सांगितला नाही,
नुसती चार बोटं दाखवली
आणि आम्ही विचारलं नाही, हजार की लाख.

पुठ्ठ्यावर भोक चुकलं
तर ते बुजतं, पण नाहीसं होत नाही.
मागनं कागदाची चकती चिकटवायची, वाळू द्यायची,
शेजारी बरोबर जागी परत पाडायचं.
मोराला पिसारा येतो.
बोट फिरवलं की चकती लागते,
मला एकट्याला.

एकोणीस हजार कुठंतरी अडवून धरलेत म्हणे.
बाकीचं, बघू. शिक्क्यासकट.

काल परत फोन.
"सर, तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, फक्त फी भरा."
तोच आवाज नव्हता. कोवळा होता,
मागं कुठंतरी कुकरच्या शिट्ट्या.
मी तोंडाशी आलेली शिवी गिळली.
विचारलं, जेवलास का बे?
तो थांबला.
दोन शिट्ट्या झाल्या.
मग त्यानंच ठेवला.

नंबर मी लिहून घेतलाय.
उद्या हत्तुरे मॅडमकडं नेऊन देणार.