दोरीवरचं आभाळ

सप्टेंबर लागला की माझ्या दारात
बुटांची रांग लागते, चिखलाची, परदेशी मापांची.
आणि प्रत्येकाच्या गळ्यात दुर्बीण,
गायीच्या गळ्यात घंटा असावी तशी.
पहाटे पाचला ते कॉफी मागतात कुजबुजत,
जणू पाखरं माझ्या स्वयंपाकघरातच निजलीत.

समोर काळा समुद्र, पाठीशी कॉकेशस.
मधल्या चिंचोळ्या आभाळातून
अख्ख्या उत्तरेची शिकारी पाखरं दक्षिणेला जातात
आमच्या संत्र्यांवरून, कोबीच्या वाफ्यांवरून,
माझ्या धुण्याच्या दोरीवरून.
आम्हाला वाटायचं, सगळीकडे असंच असतं.

टेकडीवर फळ्यांचं मचाण. तिथे ते दिवसभर उभे.
मुठीत पोलादी मोजणी-यंत्र, अंगठ्याने दाबायचं :
टक. एक मोहोळघार.
टक टक. आणखी दोन.
लीसबेतचं नाक उन्हाने सोललंय.
म्हातारा ताउनो, फिनलंडचा, जन्मभर बस चालवलेला,
जेवतानाही त्याचा अंगठा हलत असतो.
मी विचारलं, मोजून काय मिळतं?
बराच वेळ पाव चावत राहिला,
मग मोडक्या रशियनमध्ये म्हणाला,
"पुढच्या वर्षी कमी आल्या तर कळेल."
एवढंच. आणि सूप मागितलं.

सूप.
त्याला काय सांगू, की याच पातेल्यात...
वीज नव्हती त्या सालांत, पगार नव्हते,
मुलं लहान, आणि आभाळ फुकट.
मुरमान वरून पाडायचा, मी या पायरीवर बसून
पिसं उपटायची. अजून कधी फटीत एखादं सापडतं,
तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचं.

आता मुरमान त्यांच्यातच उभा असतो.
त्याला दुर्बीण लागत नाही. वळणाऱ्या पंखावरून सांगतो,
नर, मादी, यंदाचं पिल्लू.
"इतकं कुठे शिकलात?" लीसबेत विचारते.
तो सिगारेट पेटवतो.
ताउनोने कधीच विचारलं नाही.
मला वाटतं, त्याला ठाऊक आहे.

काल धुकं होतं.
सगळे माझ्या चुलीभोवती, लग्न मोडलेल्या घरातल्या
वऱ्हाडासारखे, कुठे बघावं ते न कळून.
दुपारी जरा फटफटलं. ओलीच राहिलेली चादर
मी उगाच झटकत होते,
तर दोन चिमट्यांच्या मधून,
मशिदीच्या पत्र्याच्या वर,
ठिपका.
हलेना. मग हलला.

मी लगेच हाक मारली नाही.
इतकी वर्षं भाकरी करते सगळ्यांसाठी,
एक ठिपका घटकाभर ठेवून घेतला.

मग ओरडले, तोंडात चिमटा तसाच धरून.
सगळे अनवाणी बाहेर, दुर्बिणी वर,
आणि धुकं परत मिटलेलं.
"नक्की?" लीसबेत म्हणाली. "म्हणजे, नक्की मोहोळघारच?"
मुरमान आभाळाकडे बघतच नव्हता,
माझ्याकडे बघत होता.

आणि ताउनोच्या कोटाच्या खिशात,
अगदी हळू,
टक.