तळहात

सगळ्यात आधी माझ्या तळहाताला कळलं.
कोच टपरीवर, पाठ आमच्याकडे,
आणि मी रेशीमबागेच्या धुळीत
होम प्लेटमागे उकिडवा, पायांना मुंग्या.
तुकेश निनावेचा चेंडू आला
आणि मिटच्या आत, तर्जनीच्या मुळाशी,
काहीतरी नवीन बोलला.

सात वर्षं घेत होतो मी त्याचे चेंडू.
डोळे बांधून ओळखले असते:
उपाशी असला की उजवीकडे सुटणारा,
बापाशी भांडून आला की आधीच टप्पा खाणारा.
हा त्यातला नव्हता.
ह्याच्यामागे कुठलं घर नव्हतं.

'काऊन बे, का खाऊन राहिला आजकाल?'
'तर्री पोहे,' म्हणाला, आणि हसला.
पाठभर पुरळ, त्यावर चिकटलेली बनियन,
मान अशी, की ताईत वर सरकून
गळ्याशी रुतून बसलेला.
सेहेचाळीस डिग्री होतं त्या दिवशी.
मी पुढं विचारलं नाही.

लिलावात त्याला सव्वाचार लाख.
तो म्हणाला, माझा कॅचर पण घ्या,
दुसऱ्याच्या हातात माझा चेंडू बसत नाही.
मला नव्वद हजार.
त्यात माडीचं लोखंड आलं, सिमेंट आलं.
आई अजून पाहुण्यांना वर नेऊन दाखवते
रिकामी गच्ची,
कोपऱ्यात कूलरची जुनी जाळी.

सुई मी एकदाच पाहिली.
लॉजच्या बाथरूममध्ये, खिडकीत,
दाढीच्या ब्रशमागे, गांधीबागेतल्या दुकानाच्या पुडीत.
ब्रश मी परत होता तसा ठेवला,
केस भिंतीकडे, दांडा माझ्याकडे,
इतका नीट, की मला कळलंय
हे त्याला कळू नये.

मग मानकापूरला तो माणूस आला, हातमोजेवाला,
धार पडेपर्यंत शेजारी उभा राहणारा.
एकाची दोन बाटल्यांत वाटणी.
बाटलीवर नाव लिहीत नाहीत, नुसता आकडा.
पोरं म्हणाली, निनावेचं निनावीच जाणार बे.
मीही हसलो.

पत्र आलं पोळ्याच्या आठ दिवस आधी. चार वर्षं.
गोळीबार चौकातल्या पोरांनी लगेच
कामट्या आणल्या, तणीस आणली,
बडग्या केला त्याचा.
दंड फुगवून फुगवून बांधले,
एका दंडात सायकलच्या पंपाची सिरिंज,
मूठभर चेंडू, आणि दुसरा हात मोकळा.
'जुनं मिट असन तर दे न भाऊ,
खरं वाटते.'
मी दिलं.

पिचरच्या हातात कॅचरचं मिट.
कोणाला कळणार होतं?

मारबतीच्या दिवशी तो आला होता.
रुमाल नाकापर्यंत, डोक्यावर कोणाची तरी टोपी,
इतवारीच्या त्या रेट्यात माझ्यापासून चार माणसं पलीकडं.
'रोगराई घेऊन जा गे मारबत!'
तोही ओरडत होता,
सगळ्यांहून मोठ्यानं नाही, सगळ्यांएवढंच.
मग बडग्या वळला.
त्यानं मिटकडं पाहिलं,
अंगठ्याजवळची निळ्या दोऱ्याची शिवण,
जी त्यानंच घातली होती, ट्रेनमध्ये, दातांनी दोरा तोडून.
मग माझ्याकडं पाहिलं.
मग पुन्हा मिटकडंच.

जळताना कातड्याचा वास वेगळा येतो.
तणसाच्या धुरात तो कोणाला आला नसेल.

आता तो कळमन्यात मिरचीची पोती उतरवतो म्हणे.
दंड गेले. ताईत खाली आला असेल.
मी जात नाही तिकडं.
दिवाळीनंतर गारवा सुटला की
तर्जनीच्या मुळाशी ठणकतं माझ्या,
बायको तेल कोमट करून देते,
आणि विचारते, एवढं कशानं लागलं होतं?

तिला खेळातलं काही कळत नाही.
बघणाऱ्यांना वाटतं, चेंडू पिचर ठरवतो.
नाही.
खूण कॅचर करतो, मांड्यांच्या मधे, लपवून.
दोन बोटं: वळवून टाक.
तीन: हळू.
एक बोट: सगळ्यात जोरात, आहे तेवढा जोर लावून.

त्या वर्षी मी
दुसरं बोट उघडलंच नाही.