गलबते

नाईकवाडे मास्तरांनी आजोबांचं आडनाव
दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा विचारायचा कंटाळा केला
आणि हजेरीपटावर लिहिलं, गलबते.
रेशन दुकानात विचारतात, कोकणातले का?
मी हो म्हणतो. समुद्र मधे होताच.

आधीचं गॅलब्रेथ. पणजोबा देवळाली कॅम्पात
तोफखान्याच्या घोड्यांना नाल ठोकायचे.
पलटण परत गेली, ते भगूरच्या यमुनेपाशी राहिले.
त्यांच्या अंगठीवर तीन अस्वलं होती, मुसकी बांधलेली.
आत्या ती मोडायला गेली दुष्काळात,
सराफ म्हणाला, बाई, पितळ आहे.

मागे ग्लासगोहून कुणी दूरचा भाऊबंद आला,
मिसळ खाताना डोळे पुसत म्हणाला,
आमच्या जुन्या बोलीत ‘गॉल’ म्हणजे परका.
लोमंडच्या तळ्याकाठी शेजाऱ्यांनीच ठेवलेलं नाव,
हे इथले नव्हेत, एवढंच सांगणारं.
म्हणजे घराण्यातला पहिला माणूसही
कुठल्याशा दुकानात उभा असणार, पिशवी घेऊन.

परवा सोपान कातकाडेच्या अस्थी घेऊन
त्याच्या पोरासोबत रामकुंडावर गेलो.
उपाध्यांनी लांबट वही उलगडली,
कातकाड्यांच्या सात पिढ्या घडाघडा वाचल्या,
नि सवयीनं माझ्याकडे वळले. आपलं?
गर्जे, गलांडे, गवळी. पानं पुढे, पानं मागे.
मूळ गाव?

खाली पोरं दोरीला चुंबक बांधून
पाण्यातली नाणी काढत होती.
भगूर, मी म्हणालो.

भगूरचे गलबते? कधी ऐकले नाहीत.

नवेच आहोत, म्हटलं.